रंभाबाई आणि मस्कतचा कांदा

रंभाबाई आमच्याकडे आल्या की उंबऱ्याशी चपला काढायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि बसण्याआधी एकदा खोलीभर नजर फिरवायच्या. घरात नवीन काही आलं असलं तर ते त्यांना लगेच सापडायचं.

"बाई, हे पडदे नवे दिसून राहिले. केवढ्याले घेतले?"

"साठ रुपये मीटर."

"साठ? संग कोण होतं तुमच्या?"

"कोणी नाही. मी एकटीच गेले होते."

"मंग बरोबर हाये. एकट्या बाईले साठच सांगतीन." मग त्या पडद्याचं टोक बोटांत धरून चोळायच्या, उजेडाकडे करून पाहायच्या आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायच्या, "कपडा बाकी मजबूत हाये. धुवून धुवून थकसान, पण फाटणार नाही."

मी जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दुसऱ्याच्या वस्तूची किंमत विचारणं असभ्यपणाचं असतं, असं तिथल्या सिस्टर आम्हाला बजावायच्या. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले तर इथे सगळं उलटं. कोणी साधी बादली आणली तरी राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या चारजणी ती हातात घेत, उलटी करत, बुडावर टिचकी मारत आणि भाव विचारत. मला ते फार दिवस सहन होत नव्हतं. रंभाबाईंची ओळख झाल्यावर माझा तो राग गेला. बाजारात कोणाबरोबर गेलात, दुकानदार नीट बोलला का, घरी आल्यावर कोणी बोल लावला का, एवढं सगळं त्या 'केवढ्याले' या एकाच शब्दात विचारून घेत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

रंभाबाई बहादरपूरच्या. त्यांचे यजमान कौतिकभाऊ. केळीची बाग आणि थोडा कापूस. त्यांची एकुलती एक मुलगी कुसुम नर्सिंग शिकायला शहरात आली, तेव्हा तिला आमची मागची खोली दिली. पुढच्याच वर्षी माझे यजमान गेले. त्या दिवसांत घरात कोणीतरी चहाची भांडी वाजवतंय एवढा आवाजसुद्धा मला आधार वाटायचा, आणि तो आवाज कुसुमचा असायचा. त्यामुळे कुसुम भाडेकरू राहिली नाही आणि तिची आईही पाहुणी राहिली नाही.

बाजाराच्या दिवशी रंभाबाई केळी, वांगी, कधी हरभऱ्याची भाजी घेऊन यायच्या. खरेदी उरकली की परत आमच्याकडे. मग पिशवी जमिनीवर ठेवून एकेक वस्तू काढायच्या आणि माझ्यासमोर मांडायच्या. गाळणी, फणी, गुळाचा खडा, कौतिकभाऊंची बंडी. प्रत्येक वस्तूचा भाव आधी मी ओळखायचा आणि मग त्या सांगणार, असा आमचा रिवाज होता. मी नेहमी जास्त सांगायचे आणि त्या खूश व्हायच्या.

"ही गाळणी रावेरले बारा रुपयांले हाये. नेपानगरले चौदा. तिथं मिलवाल्यांचे पगार मोठे, म्हणून सगळंच महाग. खकनारले स्वस्त, पण दांडा हालते."

पुढे कुसुमचं लग्न नेपानगरच्या सुधाकरशी झालं. त्याचे वडील कागदाच्या गिरणीत होते आणि तो स्वतः मस्कतला एअर कंडिशनर दुरुस्तीच्या कामावर होता. कुसुमलाही तिथल्या एका इस्पितळात नोकरी मिळाली आणि १९९६ च्या पावसाळ्यानंतर ती गेली. तेव्हापासून रंभाबाईंच्या रावेर, नेपानगर आणि खकनारमध्ये मस्कतची भर पडली.

बहादरपूरला पीसीओ होता, पण तिथे बोलायचं म्हणजे अर्ध्या गावासमोर बोलायचं. म्हणून कुसुमचा फोन आमच्या घरी यायचा. शुक्रवारी सकाळी, कारण तिकडे सुट्टी शुक्रवारची. रंभाबाई पहिल्या टेम्पोने येऊन फोनजवळ बसायच्या. घंटी वाजली की दोन्ही हातांनी रिसीव्हर धरायच्या, एखादं तान्हं मूल उचलावं तसा.

"कुसुम का? काय घेतलं या हप्त्यात?"

मुलगी परदेशात गेलेल्या इतर आया पहिल्यांदा तब्येत विचारतात. रंभाबाईंनी ते विचारलेलं मी ऐकलं नाही. कुसुमही सवयीने सांगत जायची. इस्त्री सात रियालची. पायातले बूट चार रियालचे. घड्याळ, दुधाच्या भुकटीचा डबा, एक जांभळी पर्स.

रियालचा हिशेब रंभाबाईंनी स्वतःपुरता बसवून टाकला होता. रियाल म्हणजे तेव्हा नव्वद रुपयांच्या वर, आणि केळीच्या एका घडाला व्यापारी देई पंचेचाळीस-पन्नास. म्हणून एक रियाल म्हणजे दोन घड.

"सात रियाल? चौदा घडांची इस्त्री?" फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या होत्या. "बाई, ती इस्त्री कपडे पण स्वतःच घालते का काय?"

असं पाच-सहा महिने चाललं. मग एका शुक्रवारी, उन्हाळा नुकताच लागला होता, त्यांनी सहज विचारलं, "आन कांदा काय भाव हाये तिकडे?"

रंभाबाई रिसीव्हर कानापासून जरा दूर धरायच्या, म्हणून कुसुमचं मलाही ऐकू यायचं. "कांदा ना... माहीत नाही, माय."

"बरं. तूरडाळ?"

"ते पण नाही पाहिलं."

"मीठ?"

"माय, मिठाचा भाव कोण विचारतं? बरं, बिल वाढतंय, ठेवते."

पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. घड्याळाचा भाव पोरीला तोंडपाठ, पर्सचा तोंडपाठ, आणि घरात रोज लागणाऱ्या एकाही वस्तूचा भाव तिला सांगता येईना. मी म्हटलं, नोकरीच्या गडबडीत राहत नसेल लक्षात. रंभाबाईंनी मान हलवली, पण त्या दिवशी त्यांनी पिशवी उघडलीच नाही. खरेदी न दाखवता त्या परत गेल्या, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

पुढच्या बाजाराला आल्या तेव्हा चहाची बशी हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "माहा बाप माह्या सासरी आला होता पहिल्यांदा. लग्नाले चार वर्षं झाली होती. ओसरीवर बसला, पाणी पेला आन मले म्हणे, 'रंभे, तुमच्याकडे गूळ काय भाव हाये?' असंच विचारलं त्यानं, बोलायचं म्हणून. मले सांगता येईना. मंग म्हणे, 'आन तेल?' तेबी येईना. सासूनं मले बाजारात पाय ठेवू दिला नव्हता, बाई. चार वर्षं माह्या हातात एक चवली आली नाही. माह्या बापानं मंग काहीच विचारलं नाही. खाली पाहत बसला आन जेवण न करता निंगून गेला."

बशीतला चहा गार झाला होता.

"ज्या बाईले मिठाचा भाव सांगता येत नाही, तिच्या हातात पैसा नसते. घड्याळ काय, इस्त्री काय, नवरा आणून देते. दुकानात तिले कोण नेते? त्यांनी माह्या पोरीले घरात कोंडून ठेवलं हाये."

"अहो, ती नोकरी करते. रोज घराबाहेर पडते."

"इस्पितळातून घर आन घरातून इस्पितळ. आन पगार? पगार कोणाच्या हातात हाये?"

कुसुम फोनवर हसायची, पण हसणाऱ्या कितीतरी बायका मीही पाहिल्या होत्या.

त्यानंतर रंभाबाईंच्या प्रश्नांनी वेगळंच वळण घेतलं. "बाई, पासपोर्ट केवढ्याले मिळते?" "मस्कतचं तिकीट एका बाजूचं घेता येते का? येतानाचं तिथून घेतलं तर स्वस्त पडीन का?" कौतिकभाऊंनी म्हणे एकदाच तोंड उघडलं, की आधी खंडव्यापर्यंत एकटी जाऊन दाखव. त्यावर दोन दिवस त्यांना वरणात मीठ मिळालं नाही.

मी म्हटलं, "एवढं करण्यापेक्षा सुधाकरलाच सरळ विचारा की."

रंभाबाईंनी मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. जावई ओसरीवर, सासू आतल्या दाराआड. काही सांगायचं तर मध्ये कोणीतरी लागतं. "पाव्हण्यांले म्हणा, जेवण तयार हाये," असं सासूने म्हणायचं आणि मधल्या माणसाने ते पोचवायचं, जावयाने ते आधीच ऐकलेलं असलं तरी. लग्नाच्या वर्षी सुधाकर अचानक बहादरपूरला गेला तर घरात रंभाबाई एकट्या. त्यांनी गोठ्यातल्या गाईला विचारलं, "पाव्हण्यांले चहा चालीन का?" सुधाकरही शहाणा. त्याने गाईलाच सांगितलं, "साखर कमी टाका म्हणावं."

तर सरळ विचारणं शक्यच नव्हतं. पण पुढच्या शुक्रवारी मी फोन उचलला तो पलीकडून सुधाकरचा आवाज.

"मावशी, नमस्कार. कुसुमला आज अचानक ड्यूटी लागली. जाताना बोलली, फोन चुकवू नका, माय वाट पाहते. मामी आल्या आहेत ना? त्यांना सांगा, इकडे सब ठीक आहे."

सुधाकरचं नाव ऐकताच रंभाबाई उठून उभ्या राहिल्या आणि पदर कपाळापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून थांबल्या. तारेतून जणू तो त्यांना पाहत होता.

"सुधाकर आहे. बोलायचं का?" मी विचारलं.

"तुम्ही विचारा. म्हणा, पोर येळेवर जेवते का."

मी विचारलं. "हो म्हणतात."

"हो तर कोणीही म्हणीन." मग थोडं थांबून, भिंतीला सांगावं तसं त्या म्हणाल्या, "विचारा त्यांले, तिकडे कांदा काय भाव हाये."

मी विचारलं आणि पलीकडून क्षणाचाही उशीर न होता उत्तर आलं.

"कोणता, मावशी? पाकिस्तानी दीडशे बैसा किलो. आपला एकशे ऐंशी, पण आपला टिकतो. दहा किलोची गोणी घेतली तर सव्वा रियालला पडते. मी गोणीच घेतो, बाजूच्या केरळवाल्याबरोबर अर्धी-अर्धी."

हजार बैशांचा एक रियाल, हे मला कुसुमने समजावलेलं होतं. मी भाव सांगितले आणि गोणीचंही सांगितलं.

"गोणी?" रंभाबाई भिंतीकडून अर्ध्या वळल्या. "विचारा, गोणी काहाले? सडून जाईन ना."

"बाल्कनीत पेपर टाकून पसरतो. रोज हलवतो," सुधाकर म्हणाला.

"पसरतो म्हणतात. रोज हलवतो."

"हलवतो? ते सोता हलवतात? बरं, तूरडाळ विचारा. मीठ विचारा. मेथी भेटते का विचारा."

तूरडाळ आली, मीठ आलं, मेथी जुडीवर मिळते आणि जुडी लहान असते हेही आलं. मी एका कानाने ऐकत होते आणि तोंडाने पोचवत होते, पण दोन्ही बाजूंचा वेग मला झेपेना. शेवटी रंभाबाईंनी विचारायला लावलं, केळं काय भाव.

"केळं किलोवर मिळतं, मावशी. फिलिपिन्सचं. तीनशे बैसा. हरेक केळ्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते."

मी म्हटलं, "तीनशे बैसा किलो."

रंभाबाईंचे ओठ हलले. तीनशे बैशांचे रुपये झाले आणि त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"अहो पाव्हणे! अठ्ठावीस रुपये किलो? केळं? आमाले व्यापारी तीन रुपये देताना रडते, आन ते चिठ्ठी लावून अठ्ठावीस घेतात?"

मला वाटलं लाइन गेली. मग हळूच आवाज आला, "मामी?"

"हो, मीच. सांगा तुम्ही."

यापुढचं मला पोचवावं लागलं नाही. सुधाकर इतक्या मोठ्याने बोलत होता की मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"एवढे भाव तुमाले कसे ठाऊक?"

"मीच आणतो ना सगळं, मामी. मी दोन वाजता सुटतो, रस्त्यातच मार्केट लागतं. कुसुमची ड्यूटी बारा-बारा तासांची. येते तेव्हा पाय सुजलेले असतात."

"आन रांधते कोण?"

सुधाकरचा आवाज खाली आला.

"मीच, मामी. ती बोलली होती, मायला सांगू नका. गावात हसतील, नेपानगरलाही हसतील. म्हणून..."

"आन तिचा पगार?"

असा प्रश्न मी माझ्या सख्ख्या भाच्यालाही विचारला नसता.

"तिचा तिच्याजवळ. तिच्या खात्यात. घरखर्चाला मलाच ती काढून देते महिन्याला."

रंभाबाईंचा पदर केव्हाच खांद्यावर उतरला होता. मग त्यांनी विचारलं, "भरताचे वांगे भेटतात का तिकडे?"

"भेटतात, पण आपल्यासारखी हिरवी नाही. काळी, लांब. पाणीच सुटतं."

"मंग भाजल्यावर चाळणीत ठेवा थोडा येळ. आन तेल जास्त टाकू नका. ठेवा आता, बिल येईन."

रिसीव्हर ठेवला आणि त्या खाली जमिनीवरच बसल्या. "माह्या तोंडातून निंगून गेलं, बाई. जावयाशी बोलली मी."

"मग काय झालं?"

"काही नाही. पण चाळणी हाये का त्यांच्याजवळ, ते विचारायचंच राहिलं."

मला वाटलं, चला, घोर मिटला. माझ्या त्या दिवसाच्या रोजनिशीत तसं लिहिलेलंही आहे. पण मला सासू नव्हती आणि मला बाजारात जायला कोणी अडवलं नव्हतं, म्हणून मला तसं वाटलं. पुढच्याच आठवड्यात रंभाबाई म्हणाल्या, "कांद्याचा भाव तर माह्या सासऱ्यालेही ठाऊक होता. सगळा बाजार तेच करत. त्यानं काय होते? फोनवर माणूस काहीही सांगीन. पाहिल्याशिवाय मले समजणार नाही."

शुक्रवारचे फोन चालू राहिले. आता कुसुमशी बोलून झालं की त्या म्हणायच्या, "पाव्हणे हायेत का घरी?" आणि मग भावांची देवघेव सुरू व्हायची. कोथिंबीर, हळद, साबण, गॅसची टाकी. रंभाबाई इकडचे सांगायच्या, तो तिकडचे. एकदा कुसुम रागावली, "माय, मी पैसे मोजून फोन करते आणि तुम्ही दोघं धण्याचे भाव सांगत बसता!" बोलणं वाढलं होतं आणि त्यांना त्याची गोडीही लागली होती. तरी फोन ठेवला की त्यांचा चेहरा पुन्हा तसाच व्हायचा, अर्धा विश्वास बसलेला, अर्धा नाही.

१९९८ च्या दिवाळीनंतर दोघं सुट्टीवर आली. नेपानगरला काही दिवस राहून बहादरपूरला येणार होती. रंभाबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "तुम्ही या, बाई. तुमचे डोळे शिकलेले हायेत, माहे माया करतात."

मी गेले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. मुलगी सासरहून पहिल्यांदा आली की तिची पेटी भाऊकीतल्या बायकांसमोर उघडायची, अशी त्यांच्याकडे रीत. कुसुमची पेटी म्हणजे चाकांची मोठी बॅग. पुरुष ओसरीवर बसले होते आणि सुधाकर त्यांच्यात, नव्या सतरंजीवर, अंग चोरून.

कुसुम मला पाहून गळ्यात पडली. दोन्ही गाल भरले होते, डोळ्यांखाली मात्र काळं होतं. मी दोन्हींची नोंद घेतली.

वस्तू निघत गेल्या आणि बायका भाव ओळखत गेल्या. जाडजूड, वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट. बॅटरी. अत्तराची बाटली. आईसाठी एक हातात धरायचा, आकड्याला माल लटकवून वजन दाखवणारा काटा निघाला.

"हे यांनी निवडलं," कुसुम म्हणाली. "म्हणाले, व्यापाऱ्यानं घड मोजला की मामींनी आपला पण मोजावा."

रंभाबाईंनी काटा हातात घेतला आणि किंमत विचारली नाही. एवढं माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात मालूबाईंनी तोंड उघडलं. या रंभाबाईंच्या मोठ्या जाऊबाई. त्यांना टोचून बोलायची सवय. "अत्तर झालं, बिलँकेट झालं. कामाचं सांग, कुसुम. इथं कांदा चाळीस रुपये झाला. तुह्या मस्कतले काय भाव?"

त्या साली कांद्याने खरोखरच सगळ्यांना रडवलं होतं. सगळ्याजणी कुसुमकडे पाहू लागल्या. कुसुमने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"मी... मला नाही माहीत, मोठी माय."

"घ्या! दोन वर्षं राहून आली, आन कांद्याचा भाव ठाऊक नाही," मालूबाई हसल्या. "घराबाहेर निंगू देतात ना व तुले? का खिडकीतूनच पाहते मस्कत?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. कुसुमचा चेहरा उतरला. दीड वर्ष रंभाबाई जे मनात घोळवत होत्या, ते कोणीतरी त्यांच्याच घरात, सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. त्या उठल्या. मला वाटलं, आत जाऊन रडतील. त्या ओसरीच्या दाराशी गेल्या आणि उंबऱ्यावर उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "सुधाकरराव!"

कौतिकभाऊंचा तंबाखू चोळणारा अंगठा तळहातावर तसाच राहिला. सासूने जावयाला नाव घेऊन हाक मारलेली त्या घराने कधी ऐकली नव्हती.

"यांले सांगा, मस्कतले कांदा काय भाव हाये. तुम्ही आणता ना रोज? मंग तुम्हीच सांगा. आन भाजी पण तुम्हीच करता, माही पोर थकून येते म्हणून, तेबी सांगा."

सुधाकर उभा राहिला. कान लाल झालेले. "दोनशे बैसा, मामी. म्हणजे... बावीस रुपये किलो."

"बावीस?" आतून चार-पाच आवाज एकदम आले. "आन इथं चाळीस?"

"मंग एक गोणी तरी आणायची ना, जावईबापू!" मालूबाईंच्या तोंडून निघून गेलं. "बिलँकेटचं काय करायचं, ते काय फोडणीत टाकायचं?"

हशा झाला. ओसरीवरून कौतिकभाऊंचा पुतण्या भिकन म्हणाला, "जावईबापू, खरंच रांधता का हो?"

"रांधतो."

"भाकरी पण?"

"भाकरी जमत नाही. पोळी जमते, गोल मात्र होत नाही."

"आमच्या घरीबी होत नाही," भिकन आत पाहत म्हणाला, आणि आतून त्याच्या बायकोने त्याला जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही.

गडबड शमल्यावर मालूबाई हळूच म्हणाल्या, "रंभे, जावयाले नाव घेऊन हाक मारली तू."

"मारली. घरातला भाव ज्याले ठाऊक, त्यालेच विचारीन ना. तुमाले काही विचारायचं राहिलं असलं तर तुम्हीपण विचारा, जाऊबाई. ते सांगतात."

आणि खरोखरच मालूबाई उंबऱ्याजवळ सरकल्या. तोंड अर्धं वळवून त्यांनी तुपाचा भाव विचारला.

जेवणवेळ होता होता बायका पांगल्या. कौतिकभाऊ बागेकडे गेले. रंभाबाईंनी टोपलीतून चार हिरवी वांगी काढली आणि सुधाकरपुढे ठेवली.

"मस्कतले करता तसं भरीत करून दाखवा."

आवाज गोड होता, पण ती परीक्षा होती. सुधाकरलाही ते कळलं असावं. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि वांगी भाजत बसला. रंभाबाई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या, मी बाजेवर. त्याने वांगी सोलली तेव्हा बोटं भाजल्याचा कांगावा केला नाही. मिरच्या कुठे, लसूण कुठे, शेंगदाणे कुठे, हे त्याने एकदाही कुसुमला विचारलं नाही, मामींनाच विचारलं.

कुसुम एकदा डोकावली. "मिरच्या कमी घ्या, मावशींना चालत नाहीत," एवढंच म्हणाली, जांभई दिली आणि मधल्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने रंभाबाई तिला पाहायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत, म्हणून मी उठून गेले. कुसुम गोधडीवर पालथी झोपली होती. एक हात बाहेर, तोंड उघडं, केस कपाळावर. रंभाबाई तिच्या पायांशी बसल्या होत्या. त्यांनी मला हातानेच गप्प राहायची खूण केली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मीपण माहेरी आल्यावर झोपायची, बाई. पण कान उघडे राहायचे. हे उठले का, कोणाले चहा पाहिजे का, सासरहून कोणी निरोप घेऊन आलं का. कोणी खोकललं तरी उठून बसायची." त्या पुन्हा मुलीकडे पाहू लागल्या. "ही पाहा. घोरून राहिली."

त्यांचे डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या, आणि ते त्यांनी पदराने पुसलेही नाहीत.

स्वयंपाकघरातून भांड्यावर पळी आपटल्याचा आवाज आला. कुसुम हललीसुद्धा नाही. रंभाबाई मात्र झटकन उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि दबक्या आवाजात ओरडल्या, "सुधाकरराव! पळी हळू ठेवा. पोर झोपली हाये."